तिसऱ्या आवाजाला विनोद उशिरा कळतो : राजा परतल्यावरच्या इंग्लंडातली प्रेमाची आणि पिण्याची गाणी

तिसरी_घंटा

गेल्या हिवाळ्यापासून मी इथल्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या एका लहानशा गावातल्या, गाणाऱ्यांच्या गटात जाते. दर मंगळवारी संध्याकाळी, पबच्या वरच्या खोलीत. आम्ही अकरा जण, त्यातले आठ निवृत्त. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात हातात एक कागद आला. तीन ओळी, तीन आवाज, कोपऱ्यात सतराव्या शतकातलं साल. मला तिसरा आवाज दिला, कारण तिसऱ्याने सगळ्यात शेवटी सुरू करायचं असतं आणि तोवर चाल कानात बसते. शब्द वाचून पाहिले तर अगदी सोवळे. म्हटलं, चला, नवख्या बाईला सांभाळून घेताहेत.

पहिलीने सुरू केलं, मग दुसरीने, मग मी. मी पहिलाच शब्द नीट सुरात लावला, जरा थांबले, आणि तेवढ्यात समोरचे आठही जण हसायला लागले. मला वाटलं बेसूर झाले. पुन्हा घेतलं. पुन्हा त्याच जागी हशा. घरी येऊन तिन्ही ओळी एकाखाली एक लिहून काढल्या, मात्रांप्रमाणे उभ्या वाचल्या, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

मूळ शब्द इथे देत नाही, संपादक मंडळाला रविवारी कामाला लावायची इच्छा नाही. पण करामत काय असते ते कळावं म्हणून मीच एक मराठीत रचलं आहे. रेघ म्हणजे गप्प बसायचं.

नवरा – – देखणा माझा
– घरी – सुबत्ता सारी
– – नाही उणीव काही

एकटीने सलग म्हटलं तर हळदीकुंकवाला शोभेल असं आहे : नवरा देखणा माझा, घरी सुबत्ता सारी, नाही उणीव काही. आता तिघी मिळून म्हणा. पहिली पहिली ओळ संपवून दुसरीवर गेली की दुसरी बाई पहिल्या ओळीपासून सुरू करते. दोघी एकेक ओळ पुढे सरकल्या की तिसरी येते, तीही पहिल्याच ओळीपासून. तिसरी आली की तिन्ही ओळी एकदम चालू असतात, कुठली कोणाच्या तोंडी एवढंच फिरत राहतं. पहिल्या फेरीत ऐकू येतं 'नवरा… देखणा माझा'. दुसऱ्या फेरीत 'नवरा घरी…'. इथवर कोणाला काही वाटत नाही. तिसरी आत आली की 'नवरा, घरी, नाही!' आणि त्यावर तिघींचा गलका.

गंमत अशी की तिसरी बिचारी फक्त 'नवरा' म्हणते. 'घरी' दुसरी म्हणते, 'नाही' पहिली. कोणीच काही वावगं बोललेलं नसतं.

याला कॅच म्हणतात. पकडापकडी. आणि हे रचणारे कोणी गल्लीतले टपोरी नव्हते. हेन्री पर्सेल १६७९ मध्ये, विशीत, वेस्टमिन्स्टर ॲबीचा ऑर्गनवादक झाला. राजाच्या चॅपलसाठी त्याने जी भजनं बांधली ती आजही ऐकताना अंगावर काटा येतो, आणि त्याच माणसाच्या नावावर पन्नासाहून जास्त कॅच आहेत, त्यातले बरेचसे चारचौघांत अर्थ सांगता न येणारे. १९व्या आणि २०व्या शतकातल्या संपादकांनी त्यांचे शब्द बदलून सभ्य केले. चाल तीच ठेवली, फटी तशाच ठेवल्या, आणि फटींमधून ऐकू यायचं ते मात्र काढून टाकलं. म्हणजे विनोद काढून फक्त त्याच्या आधीचा श्वास ठेवला.

काळ थोडक्यात : १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. नाटकघरं त्याच्याही आधी, १६४२ पासून बंद. २९ मे १६६० ला दुसरा चार्ल्स लंडनात परतला, त्या दिवशी त्याला तीस वर्षं पूर्ण झाली. तिथपासून पर्सेल गेला त्या १६९५ पर्यंतचा काळ मी या धाग्यापुरता धरते आहे. इतिहासवाले आधीच थांबतील, थांबोत.

ही गाणी लोकांच्या हाती पडत कशी, तर मुख्यतः जॉन प्लेफर्डच्या दुकानातून. लंडनला टेम्पल म्हणून वकिलांची वस्ती आहे, तिथल्या चर्चच्या दाराजवळ त्याचं दुकान होतं. १६७३ मध्ये त्याने एकट्याने गायच्या गाण्यांचा जो संग्रह काढला, त्याच्या मुखपृष्ठावरच लिहिलंय की थिऑर्बो किंवा बास व्हायलवर म्हणा. थिऑर्बो म्हणजे लांबलचक मानेचं ल्यूट, म्हणजे तारा छेडून वाजवायचं वाद्य, खर्जाच्या वेगळ्या तारा असलेलं. बास व्हायल म्हणजे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं तारवाद्य. पान उघडलं की दोनच ओळी : वर चाल, खाली खर्ज. मधली सगळी जागा वाजवणाऱ्याने आपल्या बोटांनी भरायची. पेटीवर साथ करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कोणी ऐकली असतील, गायली असतील, तर लिहा. प्रेमाच्या गाण्यांबद्दल मी अजून काहीच बोलले नाही, ते मुद्दाम. तिथे मला स्वतःलाच नीट ठरवता येत नाहीये.

---

पाणचट_चहा

ऑफिसात उभं वाचलं, चहा नाकातून आला. शेजारच्याला 'काही नाही, एक्सेल' म्हणून सांगितलंय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

ओसरीवरचा

लेख रंजक आहे, पण एक कळत नाही. दरबारातल्या रिकामटेकड्या तरुणांनी दारू पिऊन केलेल्या चावटपणाला आपण साडेतीनशे वर्षांनी कलेचा दर्जा का द्यायचा? पर्सेल मोठाच, पण तो ॲबीतला. घर चालवायला कोणी काय लिहिलं यावरून त्याची थोरवी मोजू नये. प्युरिटनांनी, म्हणजे तिकडच्या कडव्या धर्मनिष्ठांनी, अकरा वर्षं गाणं-बजावणं बंद पाडलं, राजा आल्यावर झाकण उडालं, वाफ बाहेर आली, इतकंच. वाफेचा काय अभ्यास करायचा?

(वैयक्तिक घेऊ नये.)

---

एकतारी

ओसरीवरचा, झाकणाची गोष्ट सगळे सांगतात, पण तारखा तिला साथ देत नाहीत.

प्लेफर्डचं नाचाच्या चालींचं प्रसिद्ध पुस्तक १६५१ चं. जॉन हिल्टनचा कॅचांचा संग्रह, ज्याच्या नावाचा अर्थच 'पकडेल त्याने पकडावं' असा आहे, तो १६५२ चा, तोही प्लेफर्डनेच विकला. दोन्ही राजा नसताना. प्युरिटनांनी नाटकघरं बंद केली आणि चर्चमधले ऑर्गन व गायकवृंद हटवले हे खरं. पण घरातल्या गाण्यावर बंदी नव्हती. उलट झालं असं की दरबार मोडला, चर्चमधली नोकरी गेली, आणि पोटापाण्यासाठी हे सगळे वादक-गायक घरोघर शिकवण्या करू लागले. शिकणारे वाढले की पुस्तकं खपतात. प्लेफर्डचा धंदा उभा राहिला तो या बेकारीवर. राजा नसताना देश चालवणाऱ्या खुद्द क्रॉमवेलने ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजातला ऑर्गन काढून हॅम्प्टन कोर्टला, स्वतः राहत होता तिथे, नेऊन बसवला होता. गाण्याचा शत्रू असं करत नाही.

मग पिण्याच्या गाण्यात एवढा जोर कुठून आला? माझ्या मते राजकारणातून. राजा परदेशात असताना राजनिष्ठांकडे करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. जमिनी गेल्या, दंड बसले. उरला पेला. राजाच्या नावाने प्याला उचलणं हीच निष्ठा, आणि तीही उघड बोलायची सोय नाही. असं सांगतात की ते पेल्यात पावाचा कण टाकत आणि म्हणत, देवा, हा कण नीट खाली जाऊ दे. इंग्रजीत कणाला 'क्रम', 'नीट खाली'ला 'वेल डाउन'. जोडून म्हणा. क्रमवेल डाउन! शिपायाने विचारलं तर घशात अडकेल म्हणून प्रार्थना करत होतो.

धागाकर्तीच्या 'नवरा घरी नाही'ची हीच जात. वाक्य खोलीत आहे, बोलणारा कोणी नाही.

आणि राजा आल्यावर? आल्याच्या दुसऱ्या दिवशी, ३० मे १६६० ला, त्याने जाहीरनामा काढला : जे लोक दारूच्या गुत्त्यांत बसून आमच्या नावाने पेले रिचवण्यालाच निष्ठा समजतात आणि त्यापलीकडे काही करत नाहीत, त्यांचा आम्हाला तिटकारा आहे. बिचारे! अकरा वर्षं त्यांनी तेवढंच केलं होतं.

---

अर्धा_कप

त्या जाहीरनाम्याचा किती उपयोग झाला त्याचा साक्षीदार हजर करतो. सॅम्युअल पेप्स. आरमारी खात्यातला कारकून, पुढे मोठा अधिकारी, १६६० ते १६६९ रोजनिशी लिहिणारा.

२३ एप्रिल १६६१, राज्याभिषेकाचा दिवस. रात्री पेप्स बायकोला आणि मित्रमंडळींना घेऊन निघाला तर रस्त्यात तीन मोठ्या शेकोट्या पेटलेल्या, आणि भोवती चांगल्या घरातले बायका-पुरुष. त्यांनी यांना धरलंच. जळणाच्या मोळीवर गुडघे टेकून राजाच्या नावाने प्या, मगच सोडतो. बायकांनाही सोडलं नाही. एकेक करत सगळे मोळीवर गुडघे टेकून प्यायले. पेप्सला हे विचित्रच वाटलं, विशेषतः बायका कशा घटाघट पितात ते. त्यानंतर तो आणखी एका ठिकाणी जाऊन प्यायला. झोपल्यावर डोकं गरगरायला लागलं, उलटी झाली, आणि सकाळी जाग आली तेव्हा अंथरूण त्यातच भिजलेलं. हेही त्याने लिहून ठेवलंय. त्या वर्षाच्या अखेरीस दारू आणि नाटक सोडायची शपथ. ती मोडली की गरिबांच्या पेटीत दंड, मग पुन्हा शपथ. आपल्यातले बरेच जण जानेवारीत ओळखीचं हसतील.

पण हाच माणूस ल्यूट वाजवायचा, व्हायल वाजवायचा, रात्री बागेत बसून गायचा, आणि प्लेफर्डच्या दुकानात त्याची ये-जा होती. १६६५ च्या डिसेंबरात त्याने स्वतः एक प्रेमगीत स्वरबद्ध केलं, 'ब्यूटी, रिटायर'. शब्द डॅव्हनंट या नाटककाराच्या नाटकातले. त्यावर तो इतका खूश की पुढच्या वर्षी जॉन हेल्स या चित्रकाराकडून स्वतःचं चित्र काढून घेतलं, त्यात हातात याच गाण्याचा कागद आहे. चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे, जाऊन बघा. अंगात तपकिरी सोनेरी झगा दिसतो ना, तो त्याचा नव्हे. चित्रापुरता भाड्याने आणलेला 'इंडियन गाउन'. मान वळवून बसायला लावल्याने मोडायची वेळ आली, अशी तक्रारही आहे. लग्नाच्या फोटोसाठी शेरवानी भाड्याने घेणाऱ्यांनो, ही परंपरा जुनी.

'रिकामटेकडे दरबारी' यावर शेवटचं. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडन जळत होतं, लोक होड्यांत सामान टाकून थेम्समध्ये पळत होते. पेप्स स्वतः होडीतून बघत होता. घरगुती सामानाच्या जवळपास दर तिसऱ्या होडीत व्हर्जिनल होती. व्हर्जिनल म्हणजे टेबलावर मावेल असं पट्ट्यांचं तारवाद्य. आग मागे लागलेली असताना माणूस काय उचलतो त्यावरून घरात काय चालायचं ते कळतं.

---

ओसरीवरचा

अर्धा कप, होडीचा मुद्दा मान्य. पेटी उचलणारे लोक वाफेचे नसतात. पण मग प्रेमगीतांचं काय? तिथे तर मला सगळीकडे एकच दिसतं. फिलिस, क्लोरिस, सिलिया, नाव बदलायचं, बाकी तेच : तू निष्ठुर, मी घायाळ, फूल कोमेजेल, तर आत्ताच काय ते बोल.

---

मुळे_आणि_पाने

'आत्ताच काय ते बोल' हे फारच सभ्य भाषांतर झालं.

मला या गाण्यांचा राग येतो आणि तरी ती सोडवत नाहीत. राग यासाठी की फिलिस-क्लोरिस या मेंढपाळणींच्या नावामागे खरी बाई कोण हे दरबारात सगळ्यांना माहीत असायचं, आणि नाव मात्र कोणीच घेतलेलं नसायचं. पुन्हा तीच फट. कॅचमध्ये फटीतून हशा येतो, इथे बदनामी.

एक उदाहरण देते. मॉल डेव्हिस नावाची नटी होती. बायका इंग्लंडात व्यावसायिक रंगभूमीवर आल्या त्याच १६६० च्या डिसेंबरात, तोवर बायकांची कामं मुलगे करायचे. डॅव्हनंटच्या 'द रायव्हल्स' या नाटकात मॉलने वेड लागलेल्या मेंढपाळणीचं गाणं म्हटलं, अर्थ असा की माझा बिछाना थंड जमिनीवर. त्या कंपनीचा प्रॉम्प्टर जॉन डाउन्स म्हातारपणी, १७०८ मध्ये, आठवण लिहितो की हे गाणं तिने असं गोड म्हटलं की थंड जमिनीवरच्या बिछान्यावरून ती थेट राजाच्या बिछान्यात गेली. पेप्सही १६६८ च्या जानेवारीत लिहितो की राजाने तिला सातशे पौंडांची अंगठी दिली. गाणं ऐकून मिळालेली बिदागी म्हणायची की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा. डाउन्सचा विनोद शब्दशः फिरवलेला आहे, चुरचुरीत आहे, आणि मला तो वाचताना दरवेळी मॉलचा चेहरा कसा झाला असेल असं वाटतं.

आता सोडवत का नाहीत ते. आफ्रा बेन. लेखणीवर पोट भरणारी इंग्लंडातली पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात. तिच्या 'द डच लव्हर' (१६७३) या नाटकात एक गाणं आहे, ते बाईच्या तोंडी आहे. अमिंटस तिला झाडीत घेऊन जातो, सूर्यालाही आत शिरता येत नाही इतकी दाट झाडी. ती बसते, तो चुंबन घेतो, तीही घेते. कोणी फसवलं नाही, कोणी रडत नाही. आणि शेवटी ती म्हणते, पुढचं काय झालं त्याचा अंदाज कोण करणार?

हे वाचून मी पहिल्यांदा नुसती बसून राहिले. पुरुषांच्या गाण्यात बाई 'नको नको' म्हणते आणि कवी तिचं 'नको' म्हणजे 'हो' असं आपल्याला सांगतो. इथे बाईनेच फट ठेवली आहे, आणि तिच्यात काय आहे ते तिला ठाऊक आहे.

पुढे १६७६ मध्ये 'अब्दलाझर'साठी तिने लिहिलेलं गाणं याच्या उलट, गंभीर. प्रेम नावाचा राजा सिंहासनावर बसलाय, शस्त्रं मात्र उसनी : उसासे आणि अश्रू माझ्याकडून घेतले, गर्व आणि क्रौर्य तुझ्याकडून. आपण दोघांनी मिळून त्याला सजवलं, पण जखम एकट्या माझ्या हृदयाला. हे कोणी कोणाला म्हटलंय, बाईने पुरुषाला की पुरुषाने बाईला, ते शब्दांवरून सांगता येत नाही. १६८९ मध्ये गेली, वेस्टमिन्स्टर ॲबीच्याच आवारात, पूर्वेच्या ओवरीत पुरली आहे.

---

एकतारी

उत्तम प्रतिसाद. त्याच 'अब्दलाझर'च्या १६९५ च्या प्रयोगाला पर्सेलने वाद्यसंगीत दिलं, त्यातला रोंडो (मुखडा पुन्हा पुन्हा येणारी रचना) विसाव्या शतकात बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराने ऑर्केस्ट्राची ओळख करून देणाऱ्या रचनेसाठी घेतला. शाळेत पाश्चात्त्य संगीत शिकलेल्या प्रत्येकाच्या कानावरून तो गेलेला असतो, नाव ठाऊक नसताना.

---

ओसरीवरचा

मुळे आणि पाने यांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस शोधाशोध केली. माझा मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धाच.

रॉचेस्टर वाचला. जॉन विल्मट, रॉचेस्टरचा अर्ल, १६४७ चा जन्म, १६८० मध्ये तेहतिसाव्या वर्षी गेला. शेवटच्या महिन्यांत गिल्बर्ट बर्नेट या धर्मगुरूशी त्याच्या गप्पा झाल्या, त्यात त्याने कबूल केलं की सलग पाच वर्षं मी सतत नशेत होतो. पहिल्यांदा पेल्यावरची कविता वाचली. व्हल्कन या रोमन अग्निदेवाला तो सांगतो, मला असा पेला घडव, आणि मग काय कोरू नकोस याची यादी : लढाया नकोत, मास्ट्रिख्ट घेणाऱ्यांपैकी मी नव्हे, ग्रहतारे नकोत, मला त्यांच्याशी काय करायचंय. कोर द्राक्षवेल. शेवटची ओळ इथे लिहिण्यासारखी नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचा वेढा १६७३ चा, म्हणजे कविता त्यानंतरची. त्याच सुमाराला इकडे रायगडावर राज्याभिषेकाची तयारी चालली होती, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही. कविता हुशार आहे. माझं मत फारसं बदललं नाही.

मग दुसरी वाचली, 'लव्ह अँड लाइफ' नावाची. सरळ सांगतो काय म्हणतो : गेलेलं आयुष्य आता माझं नाही, ते विरलेल्या स्वप्नांसारखं, फक्त आठवणीत साठवलेलं. येणारं अजून माझं झालेलं नाही. माझं काय आहे तर ही चालू घटका, आणि फिलिस, ती तुझी. तेव्हा निष्ठा, शपथा, मोडलेली वचनं हे काही बोलू नकोस. चमत्कार घडून या एका लांबलचक क्षणापुरता मी तुझ्याशी खरा राहिलो, तरी देवाने माणसाला तेवढंच देऊ केलंय.

हा माणूस बाईला फसवतोय हे मला दिसतंय. शपथ न घेण्याची पळवाट इतक्या देखण्या शब्दांत मी कुठे वाचली नव्हती. पण त्या शेवटच्या ओळीत तो फसवत नाहीये असंही वाटतं. इथे मी अडकलोय. बायकोला वाचून दाखवली तर ती म्हणाली, 'भांडी कोण घासणार ते बोला.'

---

पाणचट_चहा

काकूंना साष्टांग.

---

बार्देशकार

पिण्याच्या गाण्यांवर चर्चा चाललीय आणि पिण्याच्या पदार्थाबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहितोय. गाण्यांत सॅक, म्हणजे स्पॅनिश वाइन, आणि क्लॅरेट, म्हणजे फ्रेंच, भरपूर भेटते. पण याच काळात इंग्रजांना आणखी एक पेय लागलं आणि त्याचा रस्ता आमच्या गावावरून जातो.

१६७० च्या दशकात जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर पश्चिम किनाऱ्यावर हिंडत होता. त्याचं प्रवासवर्णन १६९८ चं. त्यात तो लिहितो की नेरूलला सगळ्यात उत्तम अरक, म्हणजे गाळीव दारू, तयार होते आणि तीच वापरून या किनाऱ्यावरचे इंग्रज 'पंच' नावाचं अंगातली ताकद काढून घेणारं पेय करतात. पंच म्हणजे हिंदुस्थानीत पाच, कारण जिन्नस पाच. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला, हा ढोबळ हिशेब. फ्रायर डॉक्टर होता, त्यामुळे 'ताकद काढून घेणारं' हे निदान समजा. प्यायचा की नाही ते तो सांगत नाही.

---

नेरुळकर_७

आमचं नेरुळ!!! सेक्टर सातला आजच पाटी लावतो.

---

बार्देशकार

खाली बसा भाऊ. बार्देशातलं नेरूल, मांडवीच्या उत्तरेला. तुमच्या नेरुळात तेव्हा मिठागरं असतील फार तर.

---

एकतारी

पंचची व्युत्पत्ती फ्रायरने छातीठोक दिली असली तरी अभ्यासकांत वाद आहे. काही जण म्हणतात शब्द 'पंचन' या पिंपावरून आला, खलाशी पिंपातून प्यायचे म्हणून. शब्द इंग्रजांच्या पत्रात १६३२ मध्येच सापडतो, तोही हिंदुस्थानातूनच लिहिलेल्या. मला पाच आवडतं, पण आवडणं हा पुरावा नव्हे.

बाकी हिंदुस्थानचा धागा राजाच्या घरापर्यंत जातोच. १६६२ मध्ये चार्ल्सने पोर्तुगालच्या कॅथरिनशी लग्न केलं, त्या हुंड्यात मुंबई. सहा वर्षांनी, १६६८ मध्ये, त्याने ती कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. मॉलच्या अंगठीच्या किमतीत मुंबईचं सत्तर वर्षांचं भाडं सुटलं असतं. दोन्ही व्यवहार एकाच वर्षीचे.

---

मुळे_आणि_पाने

एकतारी, हा हिशेब मी आता जन्मभर विसरणार नाही.

---

तिसरी_घंटा

धागा माझ्या हातातून केव्हाच निघून गेलाय आणि मला त्याचा आनंद आहे. दोन गोष्टी.

ओसरीवरचा, प्रेमाच्या गाण्यांबद्दल मला ठरवता येत नाही म्हटलं होतं ते नेमकं याच जागी. मंगळवारी आम्ही पर्सेलचा एक चार ओळींचा कॅच घेतला, १६८५ चा, अजिबात चावट नाही. बायकांमुळे आम्ही प्रेमात पडतो, प्रेमामुळे उदास होतो, उदासीमुळे पितो, पिण्यामुळे वेडे होतो. बस्स. कागदावर वाचलं तर कॅलेंडरवरचं सुभाषित. पण कॅचला शेवट नसतो. 'वेडे होतो' म्हणून संपवलं की तोच माणूस पुन्हा 'बायकांमुळे'वर जातो. वेडा झालेला माणूस परत प्रेमात पडतो, आणि शेजारचा तेव्हा उदास असतो, त्याच्या शेजारचा पीत असतो. थांबायचं केव्हा हे कुठे लिहिलेलं नाही. आम्ही सात फेऱ्या गायलो, शेवटी खालून पबवाला वर आला तेव्हा थांबलो. पिण्याचं गाणं कुठे संपतं आणि प्रेमाचं कुठे सुरू होतं ते मला त्या खोलीत तरी सांगता आलं नसतं.

दुसरी गोष्ट, पर्सेलच्या मृत्यूची कथा कोणीतरी काढणारच म्हणून आधीच लिहिते. तो गुत्त्यातून उशिरा आला, बायकोने नोकरांना बजावलं होतं की मध्यरात्रीनंतर दार उघडू नका, थंडीत बाहेर राहिला, आजारी पडून २१ नोव्हेंबर १६९५ ला गेला. वय छत्तीस. ही कथा हॉकिन्सच्या १७७६ च्या संगीताच्या इतिहासात येते, म्हणजे ऐंशी वर्षांनी. मला ती पटत नाही. त्याच बायकोने, फ्रान्सिसने, तीन वर्षांच्या आत त्याच्या गाण्यांचा भला मोठा संग्रह, 'ऑर्फियस ब्रिटानिकस', छापून आणला, प्लेफर्डच्या मुलाकडून. आज आपण पर्सेलची गाणी गातो त्यात तिचा वाटा आहे, आणि लोकांना आठवतं ते बंद दार.

---

अर्धा_कप

सातव्या फेरीला पबवाल्याने काय म्हटलं?

---

तिसरी_घंटा

'चौथा आवाज लागतोय वाटतं. मी येऊ का?'

---

शेंगदाणा_कूट

गेले चार दिवस नुसती वाचत होते, आज लिहायलाच हवं.

'नवरा घरी नाही'चं प्रिंट काढून सोसायटीच्या गणपतीच्या तालमीला नेलं. तालीम आमच्याच हॉलमध्ये असते. भूप रागात साधी चाल बसवली, आठ मात्रांचा केहरवा. पहिला शब्द दोन मात्रांचा, मग फटी, शेवटच्या दोन मात्रांत सगळ्यांचा गलका. शेजारच्या दोन काकू आणि मी. पहिला अर्धा तास काही जमेना, कारण गप्प बसायच्या जागी काकूंना 'गं बाई' भरायची सवय. फट मोकळी ठेवणं हे गाण्यापेक्षा अवघड आहे हे लिहून ठेवा. मग ताल हातावर धरला आणि एकदम बसलं. तिघींपैकी कोणालाच कळत नव्हतं की लागतंय की नाही, आम्ही आपापल्या मात्रा मोजण्यात. सहा-सात वेळा तरी म्हटलं असेल, चांगलं खड्या आवाजात.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर वॉचमन, हातात खोकं. केव्हाचा उभा होता कोण जाणे.

म्हणाला, 'ताई, साहेब घरी नाहीत ते ऐकलं मी. पण पार्सलवर सही तुमची चालेल ना?'